साइटची हद्द कुठे संपते? बांधकाम मजुरांची सुरक्षितता मोजण्याआधी

पीएचडीच्या प्रवेशासाठी आलेले आराखडे चाळले की एक विषय वेगवेगळ्या शीर्षकांखाली भेटत राहतो: 'सुरक्षा कार्यक्रमांचा बांधकाम कामगारांच्या स्वास्थ्यावरील परिणाम : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याचा अभ्यास'. विषय चांगला आहे. रावेत, वाकड, मोशीत उभे राहणारे टॉवर आणि चाकणच्या एमआयडीसीत चढणारी शेड्स बघितली तर तो का सुचतो हेही कळतं. आराखडा मात्र बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. दोन साइट घ्यायच्या, एकीवर सुरक्षा कार्यक्रम चांगला चालतो, दुसरीवर नावापुरता. दोन्हीकडच्या शंभर-शंभर मजुरांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, सरासऱ्या काढायच्या, टी-टेस्ट लावायची आणि 'कार्यक्रमामुळे स्वास्थ्य वाढते' असं लिहायचं.

माझं कामही याच विषयाच्या आसपासचं आहे, म्हणून आज या साच्याबद्दल थोडं सविस्तर बोलू. तुम्ही आराखडा लिहायच्या टप्प्यावर असाल तर हे आत्ताच वाचलेलं बरं. प्रश्नावली छापून झाल्यावर फार काही बदलता येत नाही.

आधी एक घटना. २४ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी भोसरीच्या सद्गुरूनगरमधल्या एका लेबर कॅम्पमध्ये पाण्याची टाकी कोसळली. टाकीखाली मजूर होते. पाच जण गेले. त्या वेळी कुणी परांचीवर चढलेलं नव्हतं, कुणी स्लॅब भरत नव्हतं. हेल्मेट, सुरक्षा पट्टा, खाली बांधलेली जाळी, सकाळचा टूलबॉक्स टॉक, यांतल्या कशाचाही तिथे संबंध येत नव्हता. मजूर राहत्या जागी होते.

आता वरच्या आराखड्यात हे पाच मृत्यू कुठे बसतात ते शोधा. साइटच्या अपघात-नोंदवहीत ते येतील की नाही, हे नोंदवही कोण ठेवतं आणि 'साइट' म्हणजे काय समजतं यावर ठरणार. तुमच्या प्रश्नावलीत तर ते नाहीतच, कारण तिच्यातले सगळे प्रश्न कामाच्या वेळेबद्दलचे आहेत. म्हणजे कार्यक्रम यशस्वी, स्वास्थ्याची सरासरी बरी आणि पाच माणसं गेलेली, हे सगळं एकाच वर्षात, एकाच मालकाकडे खरं असू शकतं. आपल्या मोजमापाला त्यात काहीही विसंगत दिसणार नाही.

ही एकटी घटना नाही. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ जण मेले, त्यांत लहान मुलंही होती. तीनच दिवसांनी आंबेगावात तशीच भिंत पडून आणखी सहा मजूर गेले. दोन्ही ठिकाणी माणसं झोपलेली होती. २०२४ च्या डिसेंबरमध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फूटपाथवर झोपलेल्या माणसांवर डंपर चढला आणि तिघांचा जीव गेला, त्यांत दोन चिमुरडी होती. ही कुटुंबं अमरावतीकडून बांधकामाच्या कामासाठी आलेली होती. त्यांना तर कॅम्पही नव्हता.

साइटवरचे अपघात कमी महत्त्वाचे आहेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. बालेवाडीत २९ जुलै २०१६ ला उंच इमारतीचा स्लॅब भरताना कोसळला आणि नऊ मजूर खाली आले, नऊही गेले. परांची, सेंट्रिंग, लिफ्टचा उघडा डक्ट, क्रेन, उघड्या वायरी ही मरणाची कारणं खरीच आहेत. मुद्दा एवढाच की मजूर चोवीस तास मालकाने आखलेल्या जागेत असतो आणि आपण त्यातले आठ-दहा तास मोजतो.

कायदा या बाबतीत आपल्या प्रश्नावल्यांपेक्षा पुढे होता, हे वाचून तुम्हाला कदाचित नवल वाटेल. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा काढा आणि कलम ३४ वाचा. कामाच्या जागी किंवा जमेल तितक्या जवळ मजुरांना विनामूल्य तात्पुरती राहण्याची सोय करणं, आणि तिथे स्वयंपाक, आंघोळ, धुणं व शौचालय यांची वेगळी व्यवस्था ठेवणं, ही जबाबदारी या कलमाने मालकावर टाकली. पुढच्याच कलमात पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर होतं. कलम ३८ मध्ये पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर सुरक्षा समिती, आणि तिच्यात मालकाच्या जोडीने कामगारांचेही प्रतिनिधी. म्हणजे निवारा, मूल आणि सुरक्षा या गोष्टी कायद्याने एका ओळीत मांडल्या होत्या. संशोधनात आपण त्या वेगळ्या केल्या: निवारा 'गृहनिर्माण'वाल्यांकडे, मूल 'शिक्षण'वाल्यांकडे आणि हेल्मेट आपल्याकडे.

भरपाईच्या कायद्यातही हीच हद्द वादाची आहे. १९२३ च्या कायद्याप्रमाणे अपघात 'कामामुळे आणि कामाच्या ओघात' घडलेला असावा लागत असे. हा ओघ कारखान्याच्या फाटकाशीच संपतो का? १९५८ मध्ये सौराष्ट्र सॉल्ट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागेचा कल्पित विस्तार होऊ शकतो हे तत्त्व मान्य केलं. त्या खटल्यातल्या मजुरांच्या कुटुंबांना भरपाई मात्र मिळाली नाही. खाडी ओलांडताना होडी उलटून ते बुडाले होते, आणि तो विस्तार तिथवर पोचत नाही असं ठरलं. तुमच्या प्रबंधात 'कामाची जागा' या शब्दाची व्याख्या करताना हा निकाल जरूर वाचा. न्यायाधीशांना जी ओळ आखायला इतकी पानं लागली, ती आपण प्रश्नावलीच्या मथळ्यात एका शब्दात उरकतो.

एक सूचना जाता जाता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. तुमची आकडेवारी त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. नाहीतर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

फाटकावरचा फलक

मोठ्या साइटच्या फाटकाशी हिरव्या-पांढऱ्या रंगात एक फलक असतो: विना अपघात इतके मनुष्य-तास. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, त्यावर नवा रंग चढतो. संशोधक म्हणून हा आकडा हाती लागला की आनंद होतो, कारण तो तयार मिळतो. पण तो बनतो कसा ते बघा.

आपल्याकडे प्रचलित असलेल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३७८६ मध्ये, वारंवारता दर काढायचा तो असा: काम बुडवणाऱ्या दुखापतींची संख्या गुणिले दहा लाख, भागिले एकूण मनुष्य-तास. कोणत्या दुखापतीची दखल घ्यायची याची नेहमीची कसोटी ४८ तासांची. माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर ती दुखापत नोंदीत.

आता एखादा बिगारी घ्या. पायात खिळा गेला. रोजावर काम, खाडा झाला की हजेरी नाही, गावी पाठवायचे पैसे आणि मुकादमाची उचल डोक्यावर. तो दुसऱ्या दिवशी लंगडत येतो. किंवा मुकादम त्याला म्हणतो, बस फाटकापाशी, गाड्या मोज, हजेरी लावतो तुझी. दोन्हींत ४८ तास भरत नाहीत. किंवा तो सरळ गावी निघून जातो, आणि हजेरीपत्रकावर त्याच्या जागी दुसरं नाव येतं. तिन्ही वेळा फलकावरचा आकडा वाढतच राहतो. बारकाईने बघितलं तर हा दर दुखापती मोजतोच, शिवाय दुखापत झाल्यावर घरी बसणं कुणाला परवडतं हेही मोजतो. पगारी रजा असलेला कायम कामगार आणि रोजावरचा बिगारी यांची तुलना या आकड्यावरून केलीत तर बिगारी जास्त सुरक्षित निघेल!

नोंद प्रामाणिक असली तरी दुसरी अडचण उरते. समजा साइटवर २०० मजूर, दिवसाला १० तास, वर्षाला २५० दिवस. झाले पाच लाख मनुष्य-तास. खरा दर दहा लाख तासांना दोन दुखापती असा असेल तर वर्षाला एक दुखापत अपेक्षित. पॉयसाँ वितरण शिकला असाल तर गणित करून बघा: अपेक्षित संख्या एक असताना वर्षभरात शून्य दुखापती होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. म्हणजे काहीही सुधारलेलं नसताना दर तीन वर्षांत एखादं वर्ष कोरं जाऊ शकतं. त्याच वर्षी नवा कार्यक्रम सुरू झालेला असेल तर सगळं श्रेय कार्यक्रमाला. एका साइटच्या एका वर्षाच्या अपघात-संख्येवर प्रबंध उभा करू नका, मार्गदर्शक हो म्हणाले तरी.

शंभर मजूर म्हणजे शंभर नव्हेत

'अपघात विरळ असतात, म्हणून आम्ही प्रश्नावली घेतो' हे उत्तर बरोबर आहे. सुरक्षेचं वातावरण मोजायची परंपरा डोव्ह झोहार यांच्या १९८० च्या अभ्यासापासून सुरू होते. व्यवस्थापन सुरक्षेला खरोखर किती महत्त्व देतं याबद्दल कामगारांची सामायिक समजूत काय, हे त्यांनी इस्राएलमधल्या कारखान्यांत विचारलं. इथला महत्त्वाचा शब्द 'सामायिक'. एका साइटवरचे शंभर जण एकाच सेफ्टी ऑफिसरचं बोलणं ऐकतात, एकाच कॅम्पात झोपतात, एकाच ठेकेदाराकडून पैसे घेतात. त्यांची उत्तरं एकमेकांसारखी असणारच, मोजायची गोष्टच तशी आहे.

याची किंमत आकड्यात बघा. एका साइटवरच्या उत्तरांचं आपसातलं साम्य, म्हणजे गटांतर्गत सहसंबंध, फक्त ०.०५ धरला तरी शंभर मजुरांचा प्रसरण-गुणक १ + ९९ × ०.०५, म्हणजे ५.९५ येतो. शंभर जणांकडून मिळालेली माहिती साधारण सतरा स्वतंत्र माणसांइतकी. आणि साइटच दोन असतील तर गणिताचाही उपयोग नाही. फरक कार्यक्रमाचा, ठेकेदाराचा, पाण्याच्या टँकरचा की स्लॅबचं काम संपून प्लॅस्टर सुरू झाल्याचा, हे वेगळं काढायचा मार्गच नाही. त्यापेक्षा एकाच बिल्डरच्या सात-आठ साइट घ्या, जिथे कार्यक्रम वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होणार आहे, आणि प्रत्येकीवर आधी व नंतर अनेक वेळा मोजा. कष्ट जास्त आहेत. पण निदान काहीतरी कळेल.

जगभरातही पुरावा फार भक्कम नाही, हे माहीत असू द्या. बांधकामातल्या दुखापती टाळण्याच्या उपायांवरचा कॉक्रेनचा आढावा २०१८ मध्ये अद्ययावत झाला. निकषांत बसणारे अभ्यास मिळाले अवघे १७. प्रशिक्षण, तपासणी यांसारख्या प्रादेशिक पातळीवरच्या उपायांनी दुखापती कमी होतातच असं त्यातून दिसलं नाही. एखाद्या कंपनीच्या आतली, अनेक अंगांनी चालवलेली मोहीम उपयोगी पडू शकते असं दिसलं. पाठ्यपुस्तकं ज्याची शिफारस करतात त्यातलं बरंचसं कुणी नीट तपासलेलंच नाही, हा त्या आढाव्याचा मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग. तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे.

स्वास्थ्याचं काय? बऱ्याच आराखड्यांत जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य-सूची असते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, बेरीज गुणिले चार, म्हणजे शंभरपैकी किती ते मिळतं. साधन चांगलं आहे, छोटं आहे. पण त्यातला एक प्रश्न मागच्या दोन आठवड्यांत झोपेतून उठताना ताजंतवानं वाटलं का, असा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, एका पंख्याखाली सहा जण झोपणाऱ्या मजुराचं उत्तर तुम्ही सुरक्षा कार्यक्रमाच्या खात्यावर कसं लिहिणार? मग ते वाढलं तरी चूक आणि घटलं तरी चूक. यावर माझा उपाय साधा आहे: कॅम्पची स्थिती स्वतंत्र चल म्हणून मोजा. फिनलंडमध्ये साइटवर फिरून प्रत्येक गोष्ट 'बरोबर' की 'चूक' एवढंच टिपायची आणि बरोबर नोंदींची टक्केवारी काढायची एक पद्धत आहे, 'टीआर' नावाची. तिचाच धागा धरून कॅम्पसाठी यादी करा. टाकी कशावर उभी आहे? खोल्या कुणाच्या भिंतीला टेकल्यात? भिंतीपलीकडे खणलंय का? वायर पत्र्यावरून गेलीय का? शौचालयाला दार आणि दिवा आहे का? बायकांना रात्री किती लांब जावं लागतं? या यादीला कुणाचं मत लागत नाही, डोळे लागतात.

नमुना कुठून आणणार

चाकण पट्ट्यात हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो. नवी शेड उभी राहताना तिथला मजूर बांधकाम कामगार असतो. कारखाना अजून सुरूच झालेला नसेल तर तिथल्या बांधकामाला १९९६ चाच कायदा लागू होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लँको अनपरा खटल्यात स्पष्ट केलं. उत्पादन सुरू झालं की त्याच आवारात कारखाने कायदा येत असे. मग पावसाळ्याआधी गळकं छप्पर दुरुस्त करायला वर चढलेला, प्रकाशासाठी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पाय पडून खाली येणारा माणूस कोण? काम तेच, जिवाची भीती तीच, पण नोंद दुसऱ्या वहीत. तुम्ही फक्त 'बांधकाम अपघात' मागितलेत तर तो तुमच्या हाती लागणार नाही.

महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी-यादी नमुन्यासाठी वापरावी, असंही सुचवलं जातं. मंडळाचे सुरक्षा संच, गृहोपयोगी भांड्यांचा संच, दुपारचं जेवण या योजना अभ्यासण्यासारख्या आहेतच. पण नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार महिने इथे, दोन महिने हैदराबादला, छटपूजेला गावी, असं फिरणाऱ्याला तो कोण देणार? डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर रोज सकाळी नवा मालक शोधणाऱ्याला तर नव्वद दिवसांचे नव्वद मालक. म्हणजे यादी मुळात स्थिरावलेल्यांची. आणि ज्या साइट तुम्हाला आत येऊ देतात त्या बहुधा बऱ्यापैकी चालणाऱ्याच असतात. परवानगी नाकारलेल्या साइटचीही नोंद ठेवा: किती, कुठे, कोणत्या कारणाने. प्रबंधात तो परिच्छेद नसेल तर बाकी आकड्यांवर विश्वास ठेवणं अवघड.

मुलाखती शक्यतो संध्याकाळी, चुली पेटून जेवणं झाल्यावर घ्या. साइट ऑफिसात, सेफ्टी ऑफिसरच्या टेबलाशी घेतलेली उत्तरं फलकासारखीच हिरवी-पांढरी येतात. पाच पर्यायांची मोजपट्टी अनेकांना परकी वाटते. 'पूर्ण सहमत' आणि 'सहमत' यांत फरक काय, हे आपल्यालाही धड सांगता येत नाही. पाच दगड किंवा नाणी पुढे ठेवून 'किती उचलाल?' विचारलं तर काम होतं. बुलढाणा-वाशिमकडच्या मराठीत, भोजपुरी किंवा छत्तीसगढीत, लमाणांच्या गोरमाटीत 'सुरक्षितता' या शब्दाचं काय होतं ते आधी दहा-बारा जणांशी बोलून बघा. नुसतं भाषांतर करून उलट भाषांतर तपासणं पुरत नाही. आणि संमतीपत्रावर मुकादमाने सगळ्यांचे अंगठे एका बैठकीत घेऊन दिले तर ती संमती नव्हे, ते हजेरीपत्रक झालं.

राहता राहिली एक गोष्ट, जी पद्धतीच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. वर सांगितलेली यादी घेऊन तुम्ही कॅम्पात फिरताय आणि टाकीच्या बुडाला तडा दिसतो. गप्प राहून मोजत राहायचं, की सांगायचं? सांगितलंत तर साइट बदलते, तुमची 'आधीची' मोजणी बिघडते, कदाचित परवानगीही जाते. हा निर्णय कॅम्पात उभं राहून घ्यायचा नसतो. नीतिसमितीकडच्या अर्जातच लिहून टाका: जिवाला तत्काळ धोका दिसला तर आधी तिथल्या मजुरांना आणि त्याच दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवू, आणि ती साइट विश्लेषणात वेगळी दाखवू. बिल्डरकडून परवानगी घेतानाच्या पत्रात हे वाक्य घाला आणि मजुरांनाही पहिल्याच भेटीत सांगा. एक-दोन बिल्डर या वाक्यावरून नाही म्हणतील. ती नावं नकाराच्या यादीत जातील, कारणासकट.